कठड्यावरून ओळखावी मालकाची ऐपत

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्या पदकाचे फोटो घरोघरी मोबाइलवर फिरले. नीट पाहिलं असेल तर पदकाच्या मधोमध करड्या रंगाचा एक षटकोनी तुकडा दिसला असेल. तो लोखंडाचा आहे, १८ ग्रॅमचा. आयफेल टॉवरच्या दुरुस्त्यांमध्ये निघालेले जुने भाग जपून ठेवले होते, त्यातलाच तो. पदकाची रचना शोमे या पॅरिसच्या जवाहिऱ्यांची. त्यांनी हिरा बसवावा तसं हे लोखंड कोंदणात बसवलं. सुवर्णपदकातसुद्धा मानाची जागा सोन्याला नाही, लोखंडाला. (सुवर्णपदक मुळात बहुतांश चांदीचंच असतं, पण तो वेगळा विषय.)

भंगारवाला किलोवर मोजून नेतो त्या धातूची एवढी बडदास्त फ्रान्समध्ये का? पॅरिसला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोटोंमध्ये बाल्कन्यांचे काळे, नक्षीदार कठडे असतात. आपण ते ‘काय सुंदर आहे!’ म्हणून बघतो आणि पुढे जातो. तिथल्या जुन्या रहिवाशाला मात्र त्या कठड्यांवरून बरंच काही कळायचं: मालक कोण, पैसा किती, आणि कोणत्या मजल्यावर कोण राहतं. हे कसं कळायचं, ते बघू.

घडीव लोखंड आणि बीड

सुरुवातीला दोन शब्द पक्के करू. पुढे सगळा लेख त्यांवरच उभा आहे.

पहिलं घडीव लोखंड. यात कार्बन अगदी नावापुरता असतो, त्यामुळे ते चिवट असतं. भट्टीत लाल-पिवळं होईपर्यंत तापवायचं आणि ऐरणीवर घालून ठोकायचं, की ते वाकतं, पिळतं, चपटं होतं. जुन्या पद्धतीच्या जाळीतला प्रत्येक वेल, प्रत्येक वेटोळं असं एकेक करून घडवलेलं असतं. तुकडे एकमेकांना जोडायचे ते रिव्हेट ठोकून, तापवून एकजीव करून किंवा दोन गजांभोवती गरम पट्टी आवळून. पानं-फुलं हवी असतील तर पातळ पत्रा मागून ठोकून उठाव आणायचा.

दुसरं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या बिडाच्या तव्याचं. यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं आणि वाळूच्या साच्यात ओतता येतं. पण ठिसूळ. हातोडा मारला तर वाकणार नाही, तुटेल. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना फाउंड्रीचं काम वेगळं सांगायला नको.

दोन्हींत मुख्य फरक वेळेचा. घडीव वेटोळं करायला लोहाराला तोच गज पुन्हा पुन्हा भट्टीत घालावा लागतो, कारण बाहेर काढला की बघता बघता निवतो. दहा वेटोळी म्हणजे दहापट वेळ. साचा मात्र एकदा तयार झाला की दहावा तुकडाही पहिल्याइतकाच सोपा.

धातू स्वस्त, हात महाग

इथे कोणीही विचारेल, की श्रीमंती दाखवायची तर सोनं-चांदी होती, संगमरवर होता. लोखंडच का?

माझ्या मते उत्तर लोखंडाच्या स्वस्ताईतच आहे. सोन्याची वस्तू कितीही ओबडधोबड असली तरी तिला सोन्याची किंमत असते. लोखंडाच्या जाळीत धातूची किंमत नगण्य. जे काही मोल आहे ते त्यावर खर्च झालेल्या माणसाच्या दिवसांचं. त्यामुळे बारीक नक्षीचं लोखंडी फाटक बघणाऱ्याला कळायचं, की हा मालक कुशल कारागिराला महिनोन्‌महिने पोसू शकतो. शिवाय लोखंड गंजतं. म्हणजे रंगकाम, डागडुजी कायमची मागे लागलेली. चकचकीत ठेवलेलं फाटक म्हणजे मालकाचे हात आजही सैल आहेत याचा पुरावा.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या दारांवर तेराव्या शतकातल्या लोखंडी पट्ट्या आहेत, वेलीसारख्या सगळ्या फळ्यांवर पसरलेल्या. (२०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं, तेव्हा ही दारं टीव्हीवर दिसली असतील.) हे काम माणसाच्या हातून होणं लोकांना इतकं अशक्य वाटलं, की बिस्कोर्ने नावाच्या कारागिराने त्यासाठी सैतानाला आत्मा विकला अशी दंतकथाच तयार झाली.

आत बघा, पण आत येऊ नका

दुसरी शंका: जाळी आणि फाटक तर सुरक्षेसाठी असतात. त्यात प्रतिष्ठा कुठून आली?

चोर अडवायला सरळ उभे गज पुरतात. वरचे मुकुट, सूर्य, कमळं चोराला अडवत नाहीत. आणि खरोखर लपवायचं असेल तर भिंत बरी. जाळी भिंतीहून वेगळं काम करते. ती अडवते, पण दाखवतेही. रस्त्यावरच्या माणसाला आतलं पटांगण, बग्ग्या, जिना सगळं दिसावं आणि आपण बाहेर आहोत हेही लक्षात राहावं, ही सोय भिंतीत नाही.

व्हर्सायच्या राजवाड्यात हे फार पद्धतशीर होतं. राजवाड्यात नीटनेटक्या पोशाखातल्या कोणाही पुरुषाला शिरता येई. हॅट आणि तलवार लागे, आणि तीही दाराशी भाड्याने मिळे! म्हणजे प्रवेश बंद नव्हता. पण बग्गीतून थेट आतल्या शाही चौकापर्यंत जायचा मान ठरावीक बड्या घराण्यांनाच होता. बाकीच्यांनी आधीच उतरून चालत यायचं. कोण कुठे उतरतो, यावरून त्याची पायरी सगळ्यांना कळायची. म्हणून तिथल्या फाटकाचं खरं काम चाळणीचं.

तिथलं सोनेरी शाही फाटक मूळचं चौदाव्या लुईच्या काळातलं, आणि ते अठराव्या शतकात नाहीसं झालं. आज पर्यटक ज्याच्यासमोर सेल्फी काढतात ती २००८मध्ये उभारलेली प्रतिकृती आहे: लांबी सुमारे ८० मीटर, सोन्याचे सुमारे १ लाख वर्ख, खर्च सुमारे ५० लाख युरो. पैसा खासगी देणगीदारांचा. दोनशेहून अधिक वर्षं जे फाटक नव्हतं ते पुन्हा का उभारायचं, असा प्रश्न जाणकारांनीच विचारला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. पण फाटक पाहिल्यावर ‘राजवाड्यात आलो’ असं वाटतं, हेही खरं.

राज्य नसलेल्या राजाचं सोनेरी काम

फ्रान्समधलं सगळ्यात देखणं लोखंडकाम पॅरिसमध्ये नाहीच, असं माझं मत. ते आहे पूर्वेकडच्या नॅन्सी शहरात.

स्तानिस्लास लेश्चिन्स्की हा पोलंडचा गादी गमावलेला राजा. त्याची मुलगी पंधराव्या लुईला दिलेली. जावयाच्या दरबाराने सासऱ्याची सोय म्हणून १७३७मध्ये लोरेन प्रांत त्याला हयातीपुरता देऊन टाकला. कारभार खरा फ्रेंच अधिकाऱ्याच्या हातात, आणि स्तानिस्लास गेल्यावर प्रांत फ्रान्सला मिळणार हे आधीच ठरलेलं. अशा माणसाकडे वेळ होता, पैसा होता, फक्त सत्ता नव्हती. त्याने जावयाच्या सन्मानार्थ एक भव्य चौक बांधायला घेतला. आराखडा एमान्युएल एरे याचा, लोखंडकाम जाँ लामूर या कुलूपकाराचं. (त्या काळी कुलूप, बिजागरी, कठडा, फाटक हे सगळं एकाच धंद्यात मोडायचं.) १७५५मध्ये चौक खुला झाला.

चौकाचे कोपरे इमारतींनी बंद केलेले नाहीत. तिथे लामूरची फाटकं आहेत, काळ्या लोखंडावर सोन्याचा मुलामा दिलेली. दोन कोपऱ्यांत फाटकाच्या कमानींमधून कारंजी दिसतात, एकात नेपच्यून, दुसऱ्यात त्याची राणी. जवळ जाऊन बघितलं तर मुख्य चौकट सरळ गजांची, अगदी शिस्तीत. त्या शिस्तीवर मग वेटोळी, शंखशिंपल्यांसारखे आकार, पानं, कोंबडे आणि टांगलेले कंदील स्वैर पसरलेले. लांबून सोनं दिसतं, जवळून हातोड्याचं काम. युनेस्कोने १९८३मध्ये हा चौक जागतिक वारशात घेतला.

ज्याच्या हातात सैन्य आणि तिजोरी असते त्याला फाटकावर एवढा भर द्यायची गरज नसते. स्तानिस्लासकडे दाखवण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि त्याने ते दाखवलं.

हा मान मालकाचा, कारागिराचा नव्हे, हेही सांगायला हवं. लामूरने १७६७मध्ये आपल्या कामांचा चित्रसंग्रह छापून स्वतःचं नाव लावून घेतलं, पण असे थोडे. सोळाव्या लुईला तर कुलूपकामाचा मनापासून छंद होता. व्हर्सायमध्ये त्याची स्वतःची छोटी भट्टी होती. त्याबद्दल दरबारात कौतुक नव्हे, चेष्टाच व्हायची. राजाने कठडा विकत घ्यावा, घडवू नये! पुढे त्याच्यासोबत काम करणाऱ्या गामँ या कुलूपकारानेच १७९२मध्ये राजाचं भिंतीतलं गुप्त लोखंडी कपाट क्रांतिकारकांना दाखवून दिलं. त्यातले कागद राजाविरुद्धच्या खटल्यात वापरले गेले.

नोटा ओतणारा जिना

प्रतिष्ठा किती थेट सांगता येते याचा एक नमुना. १७१९-२०मध्ये पॅरिसच्या शाही बँकेच्या जिन्यासाठी एक कठडा बनला. बँक चालवणारा जॉन लॉ हा स्कॉटिश गृहस्थ फ्रान्सला कागदी नोटा आणि कंपनीचे शेअर यांची चटक लावत होता. कठड्यात एकमेकांत गुंतलेली ‘एल’ ही राजाच्या नावाची अक्षरं आहेत, आणि शेजारी समृद्धीची शिंगं. शिंगांमधून फळं-फुलं नव्हे, नाणी आणि नोटा बाहेर पडताहेत! आमच्याकडे पैसा आहे, निर्धास्त या, असं जिना चढणाऱ्या ठेवीदाराला सांगायची ही तऱ्हा. १७२०मध्येच फुगा फुटला, आणि वर्षअखेर लॉ देश सोडून पळाला.

लोखंडाच्या नोटा तेवढ्या टिकल्या. दीडशे वर्षांनी हा कठडा भंगार म्हणून विकायला निघाला, तेव्हा रिचर्ड वॉलेस या धनाढ्य संग्राहकाने तो घेतला आणि लंडनच्या आपल्या घरातल्या जिन्याला बसवला. ते घर आता वॉलेस कलेक्शन या नावाचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. लंडनमधल्या मराठी मंडळींनी जरूर बघावा.

साचा आला

एकोणिसाव्या शतकात बिडाने सगळी गणितं फिरवली. १८३०नंतर फ्रान्समध्ये ओतशाळा वाढल्या. त्यांतली १८३६ची ‘व्हाल दोन’ (Val d'Osne) ही पुढे जगप्रसिद्ध झाली. या ओतशाळा जाडजूड सचित्र कॅटलॉग छापत: कठड्याचं अमुक नंबरचं पॅनेल, दाराची तमुक जाळी, पुतळे, दिव्याचे खांब, थडग्याभोवतीचं कुंपण. कॉन्ट्रॅक्टरने नंबर कळवायचा, माल पोचायचा. जी नक्षी पूर्वी सरदाराच्या वाड्यापुरती होती ती वाण्याच्या दुकानावर आली.

याच बिडाचं सगळ्यात उदार रूपही वॉलेसच्याच नावावर आहे. १८७०-७१च्या प्रशियाच्या वेढ्यानंतर आणि त्यामागोमागच्या उठावानंतर पॅरिसमध्ये पिण्याच्या पाण्याचे हाल होते. वॉलेसने १८७२मध्ये स्वखर्चाने रस्तोरस्ती पाणपोया दिल्या. चार स्त्रियांनी डोक्यावर तोललेला घुमट, गडद हिरवा रंग, ‘व्हाल दोन’चं ओतकाम. तेच रूप प्रत्येक मोहल्ल्यात, आणि पाणी फुकट. घडीव कामात हे परवडलंच नसतं.

जुन्या इमारतीत घडीव कोणतं आणि बीड कोणतं हे ओळखता येतं. शेजारशेजारची दोन पॅनेल तुळून बघा. पान न् पान तंतोतंत सारखं असेल, आणि कडेला साच्याच्या सांध्याची बारीक रेघ असेल, तर बीड. दोन वेटोळ्यांत किंचित फरक, टोकं निमुळती होत गेलेली, सांध्यावर आवळलेली पट्टी, तर ते हाताचं.

मग श्रीमंत ओळखायचा कसा?

नक्षी सगळ्यांनाच परवडू लागल्यावर नक्षीने फरक पडेना. पण प्रतिष्ठा नाहीशी झाली नाही, ती नक्षीतून जागेत सरकली. कठडा कसा आहे यापेक्षा कुठल्या मजल्यावर आहे, याला महत्त्व आलं.

बॅरन ओस्मान १८५३ ते १८७० या काळात पॅरिसचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रशासक होता. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, आणि त्यांच्या कडेने त्या प्रसिद्ध फिकट दगडी इमारती उभ्या राहिल्या. कोणतीही एक समोर ठेवा. तळमजल्यावर दुकान. त्यावर बुटका मजला, दुकानदाराचा. मग दुसरा मजला: छत सगळ्यात उंच, खिडक्या सगळ्यात मोठ्या, आणि इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग बाल्कनी. याला ‘एताझ नोब्ल’ म्हणत, मानाचा मजला. रस्त्याच्या चिखलाच्या आणि वासाच्या वर, पण जिने फार चढायला नकोत इतक्या खाली. भाडं सगळ्यात जास्त इथलं.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर बाल्कनी तुटक होते, बऱ्याचदा खिडकीपुरता कठडा. पाचव्यावर पुन्हा सलग बाल्कनी येते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ती पाचव्या मजल्यावरच्या भाडेकरूची ऐपत नव्हे. इमारतीचा दर्शनी भाग वरच्या अंगाला एका रेघेत बंद व्हावा, आणि ती रेघ शेजारच्या इमारतीशी जुळावी, यासाठी ती आहे. नगरपालिका जमिनी विकताना अशा अटी करारातच घालायची. त्यावर छपराच्या उतारात मोलकरणींच्या खोल्या. तिथे नक्षीला रजा.

आतही तेच. मुख्य जिन्याला बिडाचा नक्षीदार कठडा आणि गालिचा. स्वयंपाकघरामागून जाणारा नोकरांचा जिना वेगळा, अरुंद, साध्या गजांचा. एकाच छपराखाली सगळ्या थरांचे लोक राहायचे खरे, पण एकमेकांना जिन्यात भेटायचे नाहीत.

आणि आपण ‘आधुनिक पॅरिस’ म्हणतो त्या साऱ्याला याच काळात लोखंडाचा आधार होता, फक्त झाकलेला. वास्तुकार गार्निएच्या ऑपेरा हाउसच्या आत लोखंडाचा सांगाडा आहे, वर दगड आणि सोनं. याच गार्निएने १८८७मध्ये आयफेल टॉवरविरुद्धच्या कलावंतांच्या निषेधपत्रावर सही केली. नक्षीतलं लोखंड चालायचं, पोटातलं चालायचं. नागडं, ताठ मानेने उभं राहिलेलं लोखंड म्हणजे कारखाना, आणि ते मात्र नको! टॉवरच्या पायांमधल्या त्या डौलदार कमानी बहुतांशी शोभेच्याच आहेत. टीकाकारांना गोड वाटावं म्हणून वास्तुकार सोवेस्त्रने टॉवरला थोडे दागिने घातले, असं म्हणायला हरकत नाही.

ही आवडीनिवडीची गोष्ट नाही का?

आहेच की. पंधराव्या लुईच्या काळात वेटोळी वाहती, तिरपागडी. सोळाव्याच्या काळात सरळ रेषा आणि ग्रीक पद्धतीच्या पट्ट्या. पुढे १९००च्या सुमारास वनस्पतीच्या देठांसारखे आकार. फॅशन बदलत राहिली. पण फॅशन बदलली म्हणून कठडा बदलणं कोणाला जमतं, हा प्रश्न पुन्हा पैशाचाच.

आणि आवड जेव्हा चुकीच्या मोहल्ल्यात शिरते तेव्हा काय होतं, हे एक्तोर गिमार या वास्तुकाराच्या वाट्याला आलं. पॅरिसच्या सोळाव्या विभागातल्या त्याच्या कास्तेल बेरांजे या इमारतीचं फाटक डावी-उजवी बाजू न जुळणारं, चाबकाच्या फटकाऱ्यासारखं वळलेलं. नगरपालिकेच्या दर्शनी भागांच्या स्पर्धेत ही इमारत निवडली गेली, आणि लोकांनी इमारतीला ‘बिघडलेला वाडा’ अशा अर्थाचं टोपणनावही ठेवलं. १९००मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकांची प्रवेशद्वारं गिमारने केली. हिरव्या रंगाचं बीड, वर देठांसारखे वाकलेले दिवे. तिकिटाच्या पैशात कारकुनालाही दारात नक्षी मिळाली. पण १९०४मध्ये ऑपेरासमोरच्या चौकासाठी गिमारचा आराखडा नाकारला गेला. तिथे साधा, जुन्या वळणाचा दगडी कठडा बसवला. बाकी गावात काहीही करा, पण आमच्या ऑपेराच्या दारात नको, असाच तो सूर. उरलेली प्रवेशद्वारं १९७८मध्ये संरक्षित वास्तू ठरली, तोवर बरीचशी उखडून झाली होती.

लिफ्टने काय केलं

१८६७च्या पॅरिस प्रदर्शनात लेऑं एदूने पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट दाखवली. इमारतींत ती रुळायला काही दशकं गेली, पण मानाच्या मजल्याचा पायाच निखळला. चढायचं नसेल तर वर जाणंच बरं: उजेड, मोकळी हवा, छपरांवरून दिसणारं शहर. मुंबईत बिल्डर मजल्यागणिक ‘फ्लोअर राइज’ लावतो, तेच हे अर्थशास्त्र. पाचव्या मजल्याची ती सलग बाल्कनी, जी निव्वळ रेघ जुळवायला बांधली होती, ती आता घराच्या जाहिरातीत आधी छापतात. दुसऱ्या मजल्याच्या भारदस्त कठड्यामागे मात्र पुष्कळ ठिकाणी आज वकील, डॉक्टर आणि विमा कंपन्यांची ऑफिसं आहेत.

छपराखालच्या खोल्यांचंही भाग्य थोडं उघडलं. तिथे आता विद्यार्थी राहतात, त्यांत पॅरिसला शिकायला जाणारी आपली मुलंही असतात. कायद्याने भाड्याच्या घराला किमान ९ चौरस मीटर जागा आणि २.२० मीटर उंची, नाहीतर २० घनमीटर आकारमान लागतं. बऱ्याच खोल्या जेमतेम तेवढ्याच. आणि लिफ्ट मुख्य जिन्याच्या बाजूला असल्यामुळे अनेक इमारतींत ती पाचव्या मजल्यापर्यंतच जाते. सहाव्यावर पोचायला अजूनही नोकरांचाच जिना, साध्या गजांचा.